डुबुक सुट्टीवर गेलाय

या हो वहिनी, या. तिथं उन्हात कशाला उभ्या? घेवडा तुमच्या बाजूला उतरलाय तो तुमचाच समजा, तोडा खुशाल. वेलाला काय कळतंय कुंपण कुणाचं ते! कोवळ्या शेंगा तेवढ्या घ्या, जून झालेल्या राहू द्या, बियाण्याला धरल्यात.

काय म्हणालात? कोण बोलतंय? अहो, तो पलीकडच्या घरातला पोरगा. पाण्याच्या टाकीशी बोलतोय. टाकीत कुणी नाही, घाबरू नका. म्हणजे आहे, पण तुम्हाला-मला दिसायचं नाही. आत डुबुक आहे. तुम्हाला भोरात येऊन अजून आठवडा झाला नाही, तुम्हाला डुबुक कुठून माहीत असणार! बसा त्या दगडावर, सांगते. कुकर लावलाय ना? मग झालं तर.

ते पडवीचं घर बघा, दिवसभर शिलाई मशीनचा आवाज येतो ते. सून वेल्ह्याकडची आहे. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश, सगळं शिवते. हात चांगलाय, काही शिवायचं असेल तर बिनधास्त टाका, फक्त लग्नसराईत घाई करू नका. आणि तो तिचा मुलगा. चार पुरी झाली, पाचवं लागलं. नाव सांगून उपयोग नाही, कारण ते रोज बदलतं. कधी स्वारी एसटीची कंडक्टर असते, कधी बिबट्या, कधी सरनौबत. सकाळी उठल्यावर आधी विचारून घ्यावं लागतं, आज कोण आहेस म्हणून. मला मात्र कायमचं एक नाव दिलंय त्यानं, कुंपणआजी. घरात एक आजी आहे, ही कुंपणापलीकडची.

परवाचीच गोष्ट. दुपारचा एक वाजलेला, ताट वाढलेलं आणि आई हाका मारतेय. पोरगा पडवीत पाय रोवून उभा.

"जेवायला चल रे."

"मी तो नाहीच."

"मग कोण आहेस?"

"येसाजी कंक."

दुसरी कुणी असती तर पाठीत धपाटा घातला असता. हिनं ओढणी सावरली, जरा वाकली आणि म्हणाली, "येसाजीराव, मुदपाकखान्यातून वर्दी आलीय. भात निवत चाललाय." आला की हो धावत! नुसता भात नाही, वांग्याची भाजीसुद्धा खाल्ली. मावळ्यांना वांगं चालतं म्हणे.

एवढ्याशा पोराला येसाजी कुठून ठाऊक, असं तुम्हाला वाटेल. इथं ते हवेतच आहे. येसाजी कंक भुतोंड्याचे, ते इकडचंच गाव. भाटघर धरणाच्या पाण्याला नावच येसाजी कंक जलाशय. गोवळकोंड्याला त्यांनी हत्तीशी झुंज घेतली, ही गोष्ट इथं पोरांना घासाबरोबर भरवतात. बरं, येसाजी झाला म्हटल्यावर हत्ती हवा. तो कुठून आणायचा? आजोबांचा तक्क्या! अशी झुंज झाली, अशी झुंज झाली, की हत्तीच्या पोटातला कापूस बाहेर. आजोबा तापले. सुनेनं दोरा ओवला आणि सरनौबतांनाच कामाला लावलं. "हत्ती जखमी झालाय. तुम्ही धरा, मी टाके घालते." तर हा हत्तीचं डोकं कुरवाळत सांगतोय, "दुखणार नाही हं, थोडंच राहिलंय." मागं पडला होता तेव्हा दवाखान्यात त्याच्या हनुवटीला टाके पडले होते. नर्सबाई हेच म्हणत होत्या आणि हा आळी जागी करत होता. आता तेच वाक्य तो हत्तीला ऐकवत होता. वहिनी, मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. तीन ते सहा वर्षांची पोरं माझ्या हाताखालून गेलीत. ती खेळतात ते नुसता वेळ घालवायला नाही. अंगावरून गेलेली गोष्ट ती परत एकदा खेळून बघतात, आणि या खेपेला डॉक्टर ती स्वतः असतात.

हां, डुबुक. विसरले नाही, येतेच तिकडं.

त्याचं असं झालं. आजोबांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की भाटघरच्या पाण्याखाली देऊळ आहे. आणि ते खरंच आहे बरं का! वेळवंड खोऱ्यात कांबरे गाव आहे, तिथलं कांबरेश्वराचं देऊळ. १९२८ साली धरण पुरं झालं, इंग्रजांनी त्याला लॉइड डॅम म्हटलं. ते देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात, आणि पावसानं धरण भरलं की परत बुडतं. आता मला सांगा, मोठ्या माणसानं अशी खरीखुरी गोष्ट सांगितल्यावर पोरानं गप्प बसायचं? देऊळ आहे म्हणजे पुजारी हवा. तो पाण्यात राहणार म्हणजे साधा माणूस चालणार नाही. झाला डुबुक तयार. डुबुकला पाय बेडकाचे आणि मिशा आजोबांच्या. पाण्यात समई विझते, म्हणून तो काजव्यांची आरती करतो. घंटा वाजवली की आवाज येत नाही, बुडबुडे येतात. हे सगळं मला कुंपणावर लटकून सांगितलंय त्यानं. तुमच्या हाताजवळची तार वाकलीय ना, ती त्यानंच.

उन्हाळ्यात देऊळ उघडं पडल्याचं कळलं आणि घरच्यांनी बेत केला, पोराला एकदा दाखवून आणायचं. सासूबाईंना धाकधूक. तिथं काही डुबुक भेटणार नाही, पोरगं रडून घर डोक्यावर घेणार. गेले सगळे. पोरानं गाभाऱ्यात डोकावलं, देवळाला वळसा घातला, परत आत जाऊन आला. आजोबांना काही राहवेना. "काय रे, कुठाय तुझा डुबुक?"

पोरगा जरासुद्धा अडला नाही. "मामाच्या गावाला गेलाय. सुट्टी आहे ना आता!"

संपला विषय. परत निघताना आईच्या लक्षात आलं, पोराच्या पायात एकच चप्पल. दुसरी कुठाय? तर म्हणे, डुबुकसाठी ठेवली, त्याला गाळात काटे टोचतात. नवीकोरी चप्पल हो! पोराच्या डोक्याचं कौतुक आपल्या जागी, पण चपला काही फुकट येत नाहीत. तळपत्या उन्हात मागं जाऊन घेऊन आली ती. वर पोराला सांगितलं, "डुबुकचे पाय बेडकाचे. ही त्याला व्हायची नाही, बोटं अडकतील." पटलं त्याला. बेडकाची बोटं लांब असतात, हे त्यालाही माहीत होतं. चप्पलही वाचली, डुबुकही वाचला. मी याला शहाणपण म्हणते.

मग ऑगस्टात धरण भरलं. टीव्हीवर बातमी, भाटघरचे स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरा नदीत विसर्ग सुरू. साडेतेवीस टीएमसीचं धरण ते, आणि असे आपोआप उघडणारे ४५ दरवाजे. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना कोण अभिमान! नातवाला जवळ घेऊन समजावलं, "पाणी ठरल्या पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडतात, कुणी हात लावावा लागत नाही." नातू म्हणतो, "आजोबा, तुम्हीच रोज सांगता, खेळणी आपोआप जागेवर जात नाहीत. मग दरवाजे कसे उघडतील? डुबुकची सुट्टी संपली. तो कामावर आला, त्यानं उघडले." आजोबांना उत्तर सुचेना. सून मशीनवर मान खाली घालून हसत होती, टीप वाकडी गेली म्हणे.

तुमची शिट्टी झाली वाटतं. पहिलीच ना? बसा, बसा.

वेल्ह्याहून आला की तर विचारूच नका. आजोळी अंगणात उभं राहिलं की समोर तोरणा. चौदाशे मीटर उंचीचा गड, महाराजांनी त्याला प्रचंडगड नाव दिलं ते उगाच नाही. गड घेतल्यावर दुरुस्ती करताना तिथं धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा केला, ही गोष्ट मामानं सांगितली. झालं! इकडं आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझं अळूचं आळं खणलेलं. फतफत्यापुरतं पान शिल्लक ठेवलं नाही. विचारलं, "काय रे हे?" तर म्हणाला, "धन शोधतोय, कुंपणआजी. सापडलं की तुला राजगड बांधून देतो." सापडलं काय, तर माझाच हरवलेला चमचा आणि एका फुटक्या बशीचा तुकडा. चमचा मला परत केला, बशी सरकारजमा. आईनं त्याच्याकडून आळं परत भरून घेतलं, अळूचे कांदे लावून घेतले, पाणी घालून घेतलं. खजिना शोधायला ना नाही, पण शेजाऱ्याची जमीन जशी होती तशी करून द्यायची, हा तिचा कायदा.

राजगडाच्या सुवेळा माचीला कड्यात आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला. मामानं मोबाइलवर फोटो दाखवला, तर हा विचारतो, "गडाचे कान टोचले? रडला का तो?" आणि २०२४ साली वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला, त्यावर घरात बोलणं चाललेलं. यानं मध्येच तोंड घातलं, "मामाच्या गावाचं नाव बदललं, मग मामाचंपण बदललं का? मी त्याला काय म्हणू?" रोज नाव बदलणाऱ्याला मामाच्या नावाची काळजी!

पोराच्या अंगणात दिवाळीचा किल्ला अजून आहे बघा, हळीव पिवळं पडलंय तो. सगळी पोरं करतात तसाच, माती, दगड, वर बाजारातली चित्रं. पण नीट बघितलंत तर बुरुजाला दोरीनं काड्यापेटी बांधलेली दिसेल. ती लिफ्ट आहे. "आजीचे गुडघे दुखतात. सगळे गडावर जातात आणि ती खाली पिशव्या सांभाळत बसते." खालच्या दाराशी एसटीचा थांबा आहे. तळ्यात कोण राहतो, ते आता तुम्हाला सांगायला नको. आळीतल्या मोठ्या पोरांनी चिडवलं, गडाला कुठं लिफ्ट असते का! आई म्हणाली, "महाराज असते तर म्हाताऱ्या माणसाची सोय बघून खूश झाले असते." पोरं गप्प झाली. सासूबाई तेव्हापासून सुनेशी जरा मऊ बोलतात, हे आपल्यात राहू द्या.

आता सगळं गोड-गोडच आहे असं समजू नका. ऑर्डर उरावर असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि हा मशीनखाली बसून विचारतो, "डुबुकला ताप आला तर पाणी गरम होतं का?" ती पोर किती पुरी पडणार? पायाखाली मशीन, तोंडानं "हं, हं, मग?" पोरगा पक्का. एकदा म्हणाला, "मग महाराजांनी मोबाइल चार्जिंगला लावला." ही म्हणाली, "हं, छान." "बघ! तू ऐकतच नव्हतीस!" मोठा रुसवा. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलंय. काम चालू असताना सांगून टाकते, "ही बाही पुरी होऊ दे, मग डुबुकचं ऐकते." आणि बाही पुरी झाली की हात थांबवून खरंच ऐकते. पोरगं थांबतं की! बाही किती राहिली ते मध्ये मध्ये बघून जातं.

नुसत्या गोष्टीच ऐकवत नाही बरं का, कामही देते. बॉबिन भर, बटणं रंगावारी लाव, चिंध्या पिशवीत टाक. बटणं लावता लावता काळी बटणं शत्रू होतात आणि पांढरी मावळे, तो भाग वेगळा. पण बटणं लागलेली असतात. आम्हाला अंगणवाडीत ताराबाई मोडकांबद्दल सांगायचे. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं, १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्या, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर करून दाखवलं. सरकारी अंगणवाड्या त्यानंतर आल्या, १९७५ च्या २ ऑक्टोबरला. आता काम की गोष्टी म्हणाल, तर मोंटेसरीबाईंचं म्हणणं, अगदी लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी नकोत, खऱ्या वस्तू हाताळू द्या, खरं काम करू द्या. आणि ताराबाईंनी भावनगरला ज्यांच्याबरोबर काम केलं ते गिजुभाई बधेका, त्यांनी मोंटेसरींची पद्धत घेतली पण गोष्टी काही सोडल्या नाहीत, मुलांसाठी ढीगभर लिहिल्या. शेजारच्या घरात मला रोज दोन्ही दिसतं. बॉबिन खरी, डुबुक खोटा. पोराला दोन्ही चालतं.

पण नणंद आली पुण्याहून, आणि तिनं काहूर उठवलं. "वहिनी, हा एकटाच बडबडतो. कुणाला तरी दाखवा." आळीतल्या एकीनं सुचवलं दृष्ट काढा, दुसरी म्हणाली बाहेरचं असेल. सून बिचारी रडवेली होऊन इथं कुंपणाशी आली. "काकू, खरंच काही असेल का हो?" माझी भाची पुण्यात बालविकास शिकली, तिला तिथल्या तिथं फोन लावला. ती म्हणाली, अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात मार्जोरी टेलर म्हणून बाई आहेत, त्यांनी अशाच न दिसणाऱ्या सवंगड्यांचा अभ्यास केला. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेल्या पाहणीत सात वर्षांची होईपर्यंत शंभरातल्या ६५ मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता. त्यात ज्या बाहुलीला नाव, स्वभाव, आवडीनिवडी देऊन पोरं जिवंत करतात, तीसुद्धा धरलेली. म्हणजे डुबुक नसलेली पोरंच कमी! भाचीनं आणखी एक सांगितलं. त्या संशोधक फार मनापासून त्या सवंगड्याची चौकशी करायला लागल्या, की काही पोरंच त्यांना समजवायची, अहो, हा खरा नाहीये बरं का.

मला हे ऐकून हसू आवरेना. कारण त्याच आठवड्यात माझ्याकडं हेच घडलं होतं. रव्याचे लाडू केले होते. एक पोराच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "हा दुसरा डुबुकला. टाकीत टाकू का?" पोरानं इकडं-तिकडं बघितलं, कुंपणावर वर चढला आणि माझ्या कानात म्हणाला, "कुंपणआजी, डुबुक खोटा-खोटा आहे. लाडू मलाच दे."

बघा! आपण मोठी माणसं घोळ घालतो. पोरगं पक्कं ओळखून असतं. मातीची भाकरी थापेल, फुंकर मारून "भाजेल हं" म्हणेल, पण दात लावायचा नाही तिला. आणि मोठी माणसं काय कमी खेळतात? आपल्या राजवाड्यात, पंतसचिवांनी १८६९ साली बांधलेला तो, तिथं सिनेमांची शूटिंगं होतात. पोराला घेऊन त्याचे बाबा बघायला गेले होते. दाढी चिकटवलेला सरदार तलवार काखेत धरून वडापाव खात होता. पोरगा घरी येऊन सांगतो, "ते सगळे खोटं-खोटं खेळत होते आणि कुणी त्यांना रागवत नव्हतं." त्यांना वर पैसे मिळतात, हे मी काही सांगितलं नाही. उगाच मागायला लागायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग खोटं बोलायला मोकळीकच की! नाही हो. तिथं ती सून बरोबर आवळते. एकदा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसला कात्री लागली. भारीतलं खणाचं कापड. विचारलं तर उत्तर तयार, "डुबुकनं कापलं." हिचा चेहरा मला इथून दिसत होता, लालबुंद. पण आवाज चढवला नाही. "बरं. डुबुकला बोलाव. दोघं मिळून तुकडे गोळा करा. नंतर मावशी आल्या की डुबुकनं सांगायचं त्यांना." पोरगा तुकडे गोळा करत बसला. थोड्या वेळानं आतून बारीक आवाज, "आई, डुबुकचे हात ओले होते. म्हणून कात्री मी धरली होती." झालं की नाही कबूल? मार न खाता. मग मावशी आल्यावर त्यानंच सांगितलं, आईच्या मागं लपून का होईना. कापडाचे पैसे तिनं भरून दिले आणि कात्री आता वरच्या फळीवर असते. डुबुकला खेळायला परवानगी आहे, पोराच्या वतीनं मार खायला किंवा आळ घ्यायला नाही.

काय झालं, तुमचा चेहरा का पडला? बोला की, इथं कुंपणाच्या तारेशिवाय कुणी ऐकत नाही.

असं होय! तुमचा धाकटा सांगतो, शाळेत वाघ येतो आणि त्याचा डबा खाऊन जातो. रोज? रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. आणि काल त्याच्या बाबांनी खोटं बोलतो म्हणून कान पिळला. हं.

मग ही शेवटची गोष्ट ऐका आणि जा कुकर उतरवायला. पावसाळ्यात हा पोरगा एकदम म्हणायला लागला, डुबुकला अंगणवाडीत जायचं नाही. कारण विचारलं तर सांगेना. सासरे म्हणाले, थेरं आहेत, न्या ओढत. सून रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डुबुकचीच चौकशी करत बसली. डुबुकला तिथलं काय आवडतं? खिचडी. काय आवडत नाही? घसरगुंडी. का रे, डुबुकला तर घसरायला आवडतं? "तिथं मोठा बेडूक मागून ढकलतो." दुसऱ्या दिवशी ताईंना जाऊन भेटली. ताईंनी लक्ष ठेवलं. होता एक दांडगा पोरगा, वरून सगळ्यांना ढकलायचा. त्याला रांग लावायचं काम दिलं ताईंनी, आणि भांडण मिटलं. पोरानं स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगितलं नसतं हो. डुबुकच्या तोंडानं सांगितलं. त्या रात्री "गप झोप" म्हटलं असतं, तर ते कळलं नसतं.

काळजी कधी करायची, तेही सांगते, नोकरीतली सवय आहे. पोर त्या सवंगड्याला घाबरायला लागलं, झोप उडाली, दुसऱ्या पोरांत मिसळेनासं झालं, येत असलेलं बोलणं मागं पडायला लागलं, तर सरळ सरकारी दवाखान्यात दाखवायचं. अंगणवाडीत तपासणीला बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांनाही विचारता येतं. बाकी अंगारे-धुपारे, गंडेदोरे यातलं काही नको. आणि चारचौघांत हसू तर अजिबात नको. हसलं की पोर सांगणं बंद करतं, खेळणं बंद करत नाही.

तेव्हा आज मुलगा आला की वाघ नसतोच, असं सुरू करू नका. बाबांनाही सांगा. त्याला जवळ घ्या आणि विचारा, वाघानं डब्यातलं काय खाल्लं आणि काय ठेवलं. भाजी ठेवली असेल, तर उद्या भाजी बदला. सगळा डबा चाटूनपुसून नेला असेल, तर सकाळी स्वतः शाळेत जा, बाईंना भेटा, आणि तो वाघ कितवीत आहे ते बघून या.